‘टेनेसी व्हिस्की’चे नऊ सेंट

२०१५ साली अमेरिकेत कुणी ‘टेनेसी व्हिस्की’ हे गाणं पैसे मोजून डाउनलोड केलं, की त्यातले ९.१ सेंट गाणं लिहिणाऱ्यांच्या नावे बाजूला निघत. दर कायद्याने ठरलेला: पाच मिनिटांपर्यंतच्या गाण्याला ९.१ सेंट, त्याहून लांबलं तर मिनिटाला १.७५. कंट्री शैलीतला अमेरिकी गायक क्रिस स्टेपलटन याचं रेकॉर्डिंग ४ मिनिटं ५३ सेकंदांचं आहे, म्हणजे सात सेकंदांनी ते खालच्या दरात बसलं. या ९.१ मधले निम्मे रिवाजाप्रमाणे प्रकाशकाचे. उरलेल्या ४.५५ चे दोन धनी, डीन डिलन आणि लिंडा हारग्रोव्ह. प्रत्येकाच्या वाट्याला सव्वादोन सेंटांहून किंचित जास्त.

या हिशेबात स्टेपलटन कुठेच नाही. त्याचे पैसे रेकॉर्ड कंपनीच्या वेगळ्या नळातून येतात, आणि एफएम रेडिओपाशी तो नळ कोरडा आहे. अमेरिकेत रेडिओवर गाणं वाजलं की शब्द आणि चाल रचणाऱ्याला पैसे मिळतात; गाणाऱ्याला, वाजवणाऱ्याला एक सेंटही नाही.

म्हणून या गाण्याबद्दल वाद निघाला की दोन वेगळे प्रश्न एकाच भांड्यात ढवळले जातात. एक असा, की स्टेपलटनच्या साथीदारांनी गाण्याचा ठेका आणि कॉर्ड (एकत्र वाजवायचे स्वरांचे गट) बदलून त्याचं रूपच पालटलं, तर ते नवं रूप कुणाच्या तरी मालकीचं असायला नको का? दुसरा असा, की ज्यांच्या गळ्या-हातांमुळे गाणं चाललं त्यांना रेडिओने पैसे द्यायला नकोत का? पहिल्याचं उत्तर ‘नको’ आणि दुसऱ्याचं ‘हवेत’ असं असावं, असं माझं ठाम मत आहे. गंमत अशी की अमेरिकेत गेली काही वर्षं न्यायालयांत भांडण होतं ते पहिल्यावर, आणि दुसऱ्याचं विधेयक नुसतं येतं आणि पडून राहतं.

आधी गाण्याची कुळकथा. डिलन टेनेसीतल्या लेक सिटी गावचा. (या गावाने २०१४ मध्ये आपलं नाव बदलून एका गाजलेल्या गाण्यावरून ‘रॉकी टॉप’ ठेवलं आणि गाण्याच्या मालकांनी कोर्टात धाव घेतली. गाण्याचं नाव गावाला देता येतं का, यावर खटला!) हारग्रोव्ह फ्लोरिडातून कंट्री संगीताचं केंद्र असलेल्या नॅशव्हिलला आलेली, गीतं लिहिणारी आणि स्टुडिओत गिटार वाजवणारी; त्या काळी तिथल्या स्टुडिओंत गिटार घेऊन बसलेली बाई क्वचितच दिसे. दोघांचं हे गाणं डेव्हिड अॅलन कोने १९८१ मध्ये पहिल्यांदा रेकॉर्ड केलं. ते फारसं चाललं नाही. १९८३ मध्ये जॉर्ज जोन्सने गायलं आणि ते बिलबोर्ड मासिकाच्या कंट्री यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं.

जोन्सने गाण्यात भर घातली ती स्वतःच्या बदलौकिकाची. दारूपायी कार्यक्रम बुडवण्याबद्दल लोक त्याला ‘नो शो जोन्स’ म्हणत. घरच्यांनी गाडीच्या चाव्या लपवल्या तेव्हा गवत कापायच्या यंत्रावर बसून त्याने दारूचं दुकान गाठलं होतं, हे त्याने आपल्या आत्मचरित्रात स्वतःच सांगितलंय. असा माणूस गातो की माझ्या रात्री बारमध्ये जायच्या, पण तू मला तिथून बाहेर काढलंस. कारण हे दारूचं गाणं म्हणून ओळखलं जात असलं तरी त्यात कुणी पीत नाही. व्हिस्की, वाइन, ब्रँडी सगळ्या उपमेपुरत्या येतात. नशा आहे ती बाईच्या प्रेमाची. हातात ग्लास धरून अख्खा बार ज्या गाण्यात सूर मिसळतो त्या गाण्यातला नायक बार सोडून कधीच निघून गेलाय.

त्यानंतर तीस-बत्तीस वर्षं ते जोन्सचं एक चांगलं गाणं म्हणून राहिलं.

स्टेपलटन केंटकीचा. आधी ब्लूग्रास बँडमध्ये गाणारा, मग नॅशव्हिलमध्ये दुसऱ्यांसाठी गाणी लिहिणारा. कार्यक्रमाआधी ध्वनियंत्रणा तपासताना त्याचे साथीदार एक संथ, दोन कॉर्डांची घडी वाजवत होते आणि त्याने त्यावर सहज या गाण्याचे शब्द म्हणायला सुरुवात केली, अशी या रूपाची जन्मकथा तो सांगतो. ते ‘ट्रॅव्हलर’ या अल्बममध्ये मे २०१५ मध्ये आलं. डेव्ह कॉब निर्माता. ४ नोव्हेंबर २०१५ ला कंट्री म्युझिक असोसिएशनच्या पुरस्कार सोहळ्यात स्टेपलटनने जस्टिन टिंबरलेकबरोबर ते गायलं आणि पुढच्या आठवड्यात, यादीतून बाहेर गेलेला हा अल्बम थेट पहिल्या क्रमांकावर परत आला. कंपनीने हे गाणं रेडिओसाठी रीतसर सिंगल म्हणून पुढे रेटलंही नव्हतं. तरी पुढे त्याला डायमंड प्रमाणपत्र मिळालं, म्हणजे किमान १ कोटी युनिटं. तिथल्या मोजणीत १५० वेळा ऐकलं की एक युनिट धरतात. लिंडा हारग्रोव्ह हे बघायला नव्हती. ती २०१० मध्येच गेली.

आता हे नवं रूप जवळून ऐकू, कारण मालकीचा वाद याच्याच पोटात आहे.

लय मिनिटाला साधारण ४८ ठोक्यांची. एका आवर्तनात चार ठोके, प्रत्येक ठोक्याच्या पोटात तीन मात्रा; पाश्चात्त्य लिपीत बारा-आठ. एक आवर्तन पुरं व्हायला पाच सेकंद लागतात. मात्रा मोजल्या तर दादऱ्याची दोन आवर्तनं एकापुढे एक ठेवल्यासारखं, पण वजन वेगळं पडतं: दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर स्नेअर ड्रमचा आघात. पट्टी ए, म्हणजे आपल्या काळी पाचच्या शेजारची पांढरी सहा. कॉर्ड दोनच. पहिला ए मेजर, म्हणजे सा-ग-प. दुसरा बी मायनर, म्हणजे रे-म-ध. पहिल्यावरून दुसऱ्यावर जायचं, तिथे थांबायचं, परत पहिल्यावर यायचं. अख्खं गाणं एवढ्यावरच.

यात काय नाही, ते महत्त्वाचं. पंचमाचा कॉर्ड नाही. नेहमीच्या कंट्री गाण्यात ओळ संपायच्या आधी प-नी-रे येतो. त्यातला निषाद वरच्या सा कडे ओढतो आणि घरी पोचल्याचं समाधान देतो. इथे तो निषादच साथीत नाही. त्यामुळे ओळ संपते पण पूर्णविराम पडत नाही, गाणं झोपाळ्यासारखं दोन टोकांत हलत राहतं. सगळी ओढ गळ्याला निर्माण करावी लागते. स्टेपलटनचे स्वर बहुतेक भुपाचे, सा-रे-ग-प-ध, आणि गंधारावर येताना मधूनच कोमल गंधाराला घासून जाणारे. ती घसट म्हणजे ब्लूज.

हे गाणं वाजवणारे हौशी बँड चुकतात ते नेमके इथेच. लय नकळत साठाकडे सरकते, कारण ४८ मध्ये दोन ठोक्यांमधली जागा रिकामी ठेवायला धीर लागतो. गिटारवाला सवयीने शेवटी पंचमाचा कॉर्ड घालतो आणि झोपाळा थांबतो. बेसवाला मोकळी जागा दिसली की पायऱ्या चढू-उतरू लागतो. आणि गायक पहिल्याच शब्दावर सगळ्या हरकती उधळतो. मग ध्रुपदाला आल्यावर त्याच्याकडे फक्त आवाज मोठा करणं उरतं.

हे नवं रूप कायद्याच्या नजरेत काय आहे? अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्याचं ११५ वं कलम सांगतं, की एकदा प्रसिद्ध झालेलं गाणं कुणीही ठरलेला दर भरून पुन्हा रेकॉर्ड करू शकतो. कर्त्याची परवानगी लागत नाही. आपल्या शैलीत बसवण्यापुरती मांडणी बदलायचीही मुभा आहे. अट एवढीच की मूळ चाल आणि मूळ स्वभाव बदलता कामा नये. आणि मूळ मालकाने स्पष्ट संमती दिल्याशिवाय त्या नव्या मांडणीवर स्वतंत्र हक्क सांगता येत नाही. जोन्सचं गाणं आणि स्टेपलटनचं गाणं लागोपाठ ऐका. स्वभाव बदललेला नाही असं म्हणायला वकीलच हवा. पण मूळ मालक कशाला तक्रार करेल? दर वेळी ठरलेला दर त्याच्याकडेच येतोय. म्हणून अल्बमवर कर्ते म्हणून नावं दोनच, डिलन आणि हारग्रोव्ह. आज जगभरचे बार-बँड वाजवतात ती मांडणी स्टेपलटनच्या माणसांची, आणि त्या वाजवण्याची रॉयल्टी जाते मूळ कर्त्यांकडे.

अन्याय वाटतो. पण थांबा, ही मांडणी तरी स्टेपलटनची आहे का?

१९६७ मध्ये अलाबामातल्या मसल शोल्सच्या फेम स्टुडिओत सोल शैलीत गाणाऱ्या एटा जेम्सने ‘आय’ड रादर गो ब्लाइंड’ रेकॉर्ड केलं. संथ बारा-आठ. दोन कॉर्ड. पहिला मेजर, दुसरा त्याच्या रिषभावरचा मायनर. दोन्ही गाणी एकामागोमाग लावली की ज्याला संगीतातलं काही कळत नाही तोही मान वर करून बघतो. त्या गाण्याच्या कर्त्यांत नावं आहेत एलिंग्टन जॉर्डन आणि बिली फॉस्टर यांची. एटा जेम्सने आपल्या आत्मचरित्रात लिहिलंय, की तुरुंगात असलेल्या जॉर्डनने तिला गाण्याचा आराखडा ऐकवला, पुरं तिने केलं, आणि करांच्या भानगडीमुळे आपला वाटा तेव्हाच्या मित्राच्या, फॉस्टरच्या, नावावर लावला. म्हणजे ठेक्याच्या मालकीचा धागा ओढत मागे गेलं, तर हाती लागतो एक कागद, आणि त्या कागदावरचं नावही, तिच्या सांगण्याप्रमाणे, खरं नाही. आणि तो झुलता ठेका तरी त्यांनी कुठून आणला? चर्चच्या गॉस्पेल गाण्यांत तो आधीपासून होता. कृष्णवर्णीयांच्या चर्चमधून सोलमध्ये, सोलमधून पन्नास वर्षांनी एका दाढीवाल्या केंटकीकराच्या कंट्रीत. कुठल्या टप्प्यावर कुंपण घालायचं?

कुंपण घालायचा प्रयत्न झाला, आणि नेमका त्याच वर्षी. मार्च २०१५ मध्ये लॉस एंजलिसच्या ज्युरीने ‘ब्लर्ड लाइन्स’ या गाण्याच्या कर्त्यांना गायक मार्विन गेच्या वारसांना सुमारे ७४ लाख डॉलर द्यायला सांगितलं, पुढे रक्कम कमी झाली, पण २०१८ मध्ये अपिलातही निकाल टिकला. चाल सरळ उचललेली नव्हती. साम्य होतं ते माहोलाचं, ठेक्याचं. त्या निकालानंतर गाणं बाजारात आणण्याआधी संगीततज्ज्ञाचा अहवाल मागवायची सवय कंपन्यांना लागली. ‘अपटाउन फंक’ या गाण्याच्या कर्त्यांच्या यादीत गॅप बँडच्या एका जुन्या गाण्याच्या पाच कर्त्यांची नावं गाणं गाजून झाल्यावर घालण्यात आली.

यात फायदा कुणाचा? ज्याच्याकडे जुन्या गाण्यांची गोदामं भरलेली आहेत त्याचा. बारमध्ये दोन कॉर्ड झुलवत बसलेल्या पोराकडे ना तज्ज्ञ आहे ना वकील. पुढे न्यायालयांना ही चूक कळू लागली, हे नशीब. २०२४ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयाने गायक एड शीरनच्या खटल्यात सांगितलं, की सर्वांच्या वापरातली चार कॉर्डांची साखळी आणि त्यावरचा हललेला ठेका यांची जोडी कुणाची मालमत्ता होऊ शकत नाही. चार कॉर्डांचं जर असं, तर दोन कॉर्डांचं काय बोलायचं!

कंट्री संगीताने तर कुंपण नसण्याचं पीक वर्षानुवर्षं खाल्लंय. कार्टर फॅमिलीने १९२९ मध्ये ‘आय’म थिंकिंग टुनाइट ऑफ माय ब्लू आइज’ रेकॉर्ड केलं. तीच चाल १९३६ मध्ये रॉय एकफने ‘द ग्रेट स्पेकल्ड बर्ड’ या भक्तिगीताला लावली. १९५२ मध्ये तीच चाल बारमध्ये शिरली: हँक थॉम्पसनचं ‘द वाइल्ड साइड ऑफ लाइफ’. दारू वाहते तिथे गेलेल्या बायकोवर ठपका ठेवणारं हे गाणं १५ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. ते गाजत असतानाच, ३ मे १९५२ ला, किटी वेल्सने नॅशव्हिलमध्ये त्याच चालीवर उत्तर गायलं: ‘इट वॉझन्ट गॉड हू मेड हाँकी टाँक एंजल्स’. बायका बिघडतात त्याला लग्न झालेले आणि ते लपवणारे पुरुष जबाबदार आहेत, असं सुनावणारं. एनबीसी या रेडिओ कंपनीने त्यावर बंदी घातली; ग्रँड ओल ऑप्री या नॅशव्हिलच्या नामांकित कंट्री कार्यक्रमाच्या मंचावरही सुरुवातीला ते गाऊ दिलं नाही. तरी ते सहा आठवडे पहिलं राहिलं, आणि बिलबोर्डच्या कंट्री यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलेली वेल्स ही पहिली एकटी गायिका ठरली.

तमाशातले सवाल-जवाब ऐकलेल्यांना वेगळं सांगायला नको: जबाब त्याच चालीत आला तरच झोंबतो. १९२९ च्या चालीला कुणी घट्ट कुलूप घातलं असतं तर थॉम्पसनचा सवाल कदाचित परवाना काढून झाला असता, वेल्सचा जबाब नसता झाला. कारण टीकेच्या गाण्यासाठी चालीच्या मालकाकडे परवानगी मागावी लागली असती.

आणि त्याच कथेत दुसरी, उलटी बाजूही आहे. किटी वेल्स त्या दिवशी स्टुडिओत गेली ती गाण्यात काही दम आहे असं वाटून नव्हे. संघटनेच्या दराने १२५ डॉलर मिळणार होते म्हणून. देशभरच्या रेडिओंनी ते गाणं पुढे वाजवलं तेव्हा गीतकार जे. डी. मिलरच्या बाजूला पैसे जमा झाले. वाजण्यापोटी तिच्या बाजूला शून्य. तिच्यामागे स्टील गिटार वाजवणाऱ्या शॉट जॅक्सनच्या बाजूलाही शून्य. अन्याय शोधायचा तर तो इथे आहे.

मध्येच एक अवांतर, पण अगदीच अवांतर नाही. टेनेसी राज्याने २०१३ मध्ये कायदा करून ‘टेनेसी व्हिस्की’ची व्याख्या ठरवली. राज्यातच बनलेली हवी. धान्यात किमान ५१ टक्के मका हवा. आतून जाळलेल्या नव्या ओकच्या पिंपात मुरवायला हवी. पिंपात घालण्याआधी मेपलच्या कोळशातून गाळायला हवी. बाटलीत किमान ४० टक्के मद्यार्क हवा. कोळशातून गाळायच्या या रीतीला लिंकन काउंटीचं नाव आहे. आणि लिंकन काउंटीतलीच प्रिचर्ड्स ही डिस्टिलरी कोळसा वापरत नव्हती, म्हणून तिच्यासाठी त्याच कायद्यात अपवाद लिहावा लागला! जी वस्तू मोजता येते, तापवता येते, कोळशातून गाळता येते, तिची व्याख्या करतानाही अपवादाचं ठिगळ लागतं. ठेक्याची व्याख्या करायला बसलं तर ठिगळंच ठिगळं होतील.

तेव्हा ठेका मोकळा ठेवा, आणि पैसे वाजवण्याचे द्या.

अमेरिकेत हे होत नाही याला इतिहास आहे. १९३७ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने बँडप्रमुख फ्रेड वेअरिंगची बाजू घेतली होती: रेकॉर्ड घरात ऐकायला विकली आहे, रेडिओवर फुकट वाजवायला नाही. पण १९४० मध्ये पॉल व्हाइटमनच्या खटल्यात न्यायाधीश लर्नेड हँड यांनी उलट सांगितलं, की रेकॉर्ड विकली तिथे हक्क संपला. त्यानंतर ध्वनिमुद्रणाला केंद्रीय कायद्याने कॉपीराइटच मिळाला तो १५ फेब्रुवारी १९७२ पासून, आणि तेव्हाही रेडिओवरचा हक्क वगळून. १९९५ मध्ये डिजिटल प्रसारणापुरता तो दिला. म्हणून आज उपग्रह रेडिओवर ‘टेनेसी व्हिस्की’ वाजलं तर साउंडएक्स्चेंज ही संस्था पैसे गोळा करते आणि वाटते: ५० टक्के रेकॉर्डच्या मालकाला, ४५ टक्के मुख्य गायकाला, ५ टक्के साथीदारांच्या निधीला. तेच गाणं, त्याच गाडीत, बटण दाबून एफएमवर आणलं की हे तिन्ही आकडे शून्य.

ब्रिटनने हा प्रश्न नव्वद वर्षांपूर्वी मिटवला, आणि तोही एका कॉफी हाउसवरून. ब्रिस्टलच्या कारवर्डाइन यांच्या दुकानात गिऱ्हाइकांसाठी रेकॉर्ड वाजवत असत. ग्रामोफोन कंपनीने दावा लावला आणि १९३३ मध्ये जिंकला. पुढच्याच वर्षी पीपीएल ही वसुलीची संस्था उभी राहिली. आपल्याकडे हा वाद कानावर असलेल्या पिढीला लता मंगेशकर आणि मोहम्मद रफी यांच्यातला १९६० च्या दशकातला अबोला आठवेल: गायकाला रॉयल्टी हवी हे लताबाईंचं म्हणणं, मानधन घेतलं की विषय संपला हे रफीसाहेबांचं, आणि त्यापायी काही वर्षं दोघांची द्वंद्वगीतं बंद. लताबाईंचं म्हणणं आपल्या कायद्यात शिरायला २०१२ ची दुरुस्ती यावी लागली. पाठोपाठ २०१३ मध्ये गायकांची हक्क संघटना, इस्रा, स्थापन झाली. उशीर झाला, वसुलीच्या कटकटी आहेत, पण तत्त्व मान्य झालं. अमेरिकेत तेवढंही नाही.

तिथल्या रेडिओवाल्यांचा युक्तिवाद जुनाच: आम्ही वाजवतो म्हणून तुमचं गाणं खपतं, ही जाहिरात समजा. रेकॉर्ड विकल्या जात तेव्हा यात थोडं तथ्य होतं. आता गाणं ऐकून दुकानात जाणारं गिऱ्हाईकच उरलं नाही. शिवाय ‘टेनेसी व्हिस्की’ हे या युक्तिवादाला सरळ छेद देणारं उदाहरण आहे: रेडिओने उचलून न धरता, एका दूरचित्रवाणी कार्यक्रमाने ते वर नेलं, आणि रेडिओ नंतर मागून आला. दुसरा युक्तिवाद लहान स्टेशनांचा, आणि तो मात्र मनावर घ्यायला हवा. कुठल्याशा गावात चर्चची प्रार्थना, शाळेचे सामने आणि शेतमालाचे भाव सांगणारं स्टेशन नव्या बोजाने बंद पडलं तर ते कंट्री संगीताचंच नुकसान. पण ‘अमेरिकन म्युझिक फेअरनेस अॅक्ट’ या विधेयकात ही सोय आहे: वर्षाला १५ लाख डॉलरच्या आत उत्पन्न असलेल्या आणि कुठल्याही बड्या साखळीतल्या नसलेल्या स्टेशनाला वर्षाचे जास्तीत जास्त ५०० डॉलर. दिवसाला दीड डॉलरही नाही. हे विधेयक २०२१ पासून पुन्हा पुन्हा मांडलं गेलं. संमत झालेलं नाही.

यात अमेरिकन गायकाचं दुहेरी नुकसान होतं. परदेशी रेडिओ त्याचं गाणं वाजवतात, पण अमेरिका आमच्या गायकांना देत नाही तर आम्ही तुमच्यांना का द्यावं, म्हणून कित्येक देशांनी तो वाटा रोखून धरला.

आता उरला श्रेयाचा प्रश्न. पैसे नकोत तर नकोत, पण एटा जेम्सच्या त्या संथ झुल्याचं नावही कुठे येऊ नये? इथे मराठी संगीत नाटकांची जुनी पद्धत मला फार शहाणपणाची वाटते. किर्लोस्करांच्या काळापासून नाटकांच्या छापील पुस्तकांत पदाच्या डोक्यावर कंसात ‘चाल’ दिलेली असे: अमुक लावणीची, तमुक पदाची. मालकी सांगितली नाही, वाटा मागितला नाही. पण कुठून घेतलं ते लपवलंही नाही. वाचणाऱ्याला मूळ शोधायचं तर वाट मोकळी. एका ओळीचं काम.

आज त्या ओळीला जागा नाही असं नाही. प्रत्येक रेकॉर्डिंगला आयएसआरसी हा १२ अक्षर-अंकांचा क्रमांक असतो, आणि शब्द-चाल मिळून होणाऱ्या रचनेला आयएसडब्ल्यूसी हा वेगळा, ‘टी’ने सुरू होणारा. स्ट्रीमिंगवर एक गाणं वाजलं की पहिल्या क्रमांकावरून कंपनीचा हिशेब होतो, दुसऱ्यावरून कर्त्यांचा. कर्ते, वादक, निर्माते, सगळ्यांसाठी रकाने आहेत. बिघडतं ते दोन क्रमांकांची गाठ न बांधल्यामुळे. कव्हर चढवणारा घाईत गाण्याचं नाव थोडं वेगळं लिहितो, कर्त्यांची नावं रिकामी सोडतो, आणि पैसे अधांतरी राहतात. २०२१ च्या फेब्रुवारीत स्ट्रीमिंग कंपन्यांनी अमेरिकेतल्या नव्या वसुली संस्थेकडे असे धनी न सापडलेले ४२ कोटी डॉलरहून अधिक पैसे एकगठ्ठा सोपवले. ज्या माहितीवर पैसे अवलंबून आहेत तीच लोक भरत नाहीत, तर ‘चाल’ कोण भरणार, हा आक्षेप रास्त आहे. तरी भरावी. सक्तीने नव्हे, रीत म्हणून; आणि जो लिहील त्याच्यावर ती ओळ पुरावा म्हणून कोर्टात वापरता येणार नाही, एवढं संरक्षण देऊन. ते नसेल तर कुठलाही वकील आपल्या अशिलाला ती ओळ लिहू देणार नाही.

नॅशव्हिलच्या ब्रॉडवेवरच्या बारमध्ये हे गाणं लोक मागून मागून वाजवायला लावतात. बार परवाना संस्थांना वर्षाची ठोक रक्कम भरतो. तीत डिलनचा आणि हारग्रोव्हच्या वारसांचा अंश असतो, आणि तो असायलाच हवा. मंचावरची चार-पाच माणसं मजुरी थोडी, टिप जास्त, अशा बोलीवर वाजवतात. फर्माइश करायची तर बादलीत नोट टाकायची हा तिथला शिरस्ता. मग ड्रमर ४८ ची लय धरतो, गिटारवाला ए वरून बी मायनरवर जातो. पाळी संपली की बादली उलटी करून नोटा मोजतात आणि सहसा सारखे वाटे करतात. गायकाला जेवढं, तेवढंच ड्रमरला.